आधी यादी पुरी करा, मग दराला हात लावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घरपट्टीवाढीविरुद्धच्या मोर्च्यांच्या बातम्या आपल्या अंकात सध्या दिवसाआड वाचायला मिळतात. ‘अन्यायकारक करवाढ तत्काळ रद्द करा’ हे मोर्चेकऱ्यांचे निवेदन, आणि ‘नागरिकांनी कराचा भरणा करून सहकार्य करावे’ हे प्रशासनाचे उत्तर. ही दोन्ही वाक्ये माझ्या बोटांना पाठ आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या फाटकाबाहेर, निंबाखाली माझे टेबल असते. मी अर्जनवीस. पूर्वी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आणि प्रिंटर आहे, एवढाच फरक. निवेदन माझ्याकडे टाइप होते. आतला प्रिंटर बंद पडला तर कधी कधी उत्तरही माझ्याकडेच येते.

वारसनोंद, नळजोडणी, जन्मदाखल्यातली दुरुस्ती ही माझी रोजची कामे. नवी कर आकारणी निघाली की मात्र कपाशी वेचणीसारखा हंगाम येतो आणि सकाळपासून हरकत अर्जांसाठी रांग लागते. माणूस बिल टेबलावर ठेवतो, खिशातून जुनी पावती काढतो आणि विचारतो, इतकी कशी वाढली? अर्ज लिहायचा तर ते मला आधी समजून घ्यावे लागते. त्यातून जे मत झाले ते सांगतो. मोर्चेवाल्यांचे म्हणणे खोटे नाही आणि मुख्याधिकाऱ्यांचेही खोटे नाही. पण दोघे भांडतात ते दरावर, आणि घोळ आहे तो कर आकारणीच्या यादीत. कोणाचे घर यादीत कसे लिहिले गेले, आणि कोणाचे मुळात लिहिलेच गेले नाही, याकडे कोणी पाहत नाही.

आधी बिल कसे तयार होते ते थोडक्यात. समजा तुमचे घर ५० चौरस मीटरचे, म्हणजे साधारण ५४० चौरस फुटांचे आहे. पालिकेने तुमच्या झोनमधल्या स्लॅबच्या घराला महिन्याला चौरस मीटरमागे २० रुपये भाडेमूल्य धरले. महिन्याचे १,००० आणि वर्षाचे १२,००० झाले. कायद्याप्रमाणे दुरुस्तीपोटी त्यातून १० टक्के वजा होतात. उरलेले १०,८०० हे तुमच्या घराचे करयोग्य मूल्य. त्यावर एकत्रित मालमत्ता कर समजा २५ टक्के लागला, तर २,७०० रुपये. आता हेच घर मातीचे म्हणून लिहिले गेले आणि त्याला २० ऐवजी ८ रुपये दर लागला, तर सगळा हिशेब करून कर येतो १,०८०. सर्वसाधारण सभेने टक्केवारी एका पैशाने वाढवली नाही, कोणी ठराव केला नाही, तरी बिल अडीचपट झाले. एका रकान्यात ‘माती’च्या जागी ‘आरसीसी’, म्हणजे स्लॅबचे, लिहिले गेले, बस.

हे उदाहरण मी उगाच घेतलेले नाही. आपल्या खान्देशात जुन्या गावठाणात धाब्याच्या घरांच्या गल्ल्याच्या गल्ल्या आहेत. लाकडी खांब, वर कडीपाट, त्यावर खाऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी धाब्यावर चढून खारी टाकावी लागते, नाहीतर गळते. पण रस्त्याकडच्या भिंतीला लोकांनी सिमेंटचा गिलावा केलेला असतो, रंग दिलेला असतो, एखाद्याने दाराला ग्रॅनाइटची चौकटही बसवलेली असते. सर्वेक्षणाचे काम घेतलेल्या एजन्सीची पोरे हातात टॅब घेऊन आली, दारावर नंबराचे स्टिकर चिकटवले, समोरून फोटो काढला, लेझरने माप घेतले आणि पुढे गेली. वर चढून कोण पाहतो? एक म्हातारी माझ्याकडे बिल घेऊन आली ती रागावलेलीसुद्धा नव्हती, तिला खरेच उत्सुकता होती. म्हणाली, “भाऊ, मन्हं घर धाबानं शे, हाई आरसीसी काय ऱ्हास?” (माझे घर धाब्याचे आहे, हे आरसीसी काय असते?) तिला मी समजावले, अर्ज लिहिला आणि नातवाला धाब्यावर चढवून वरून फोटो काढायला सांगितले. तो अर्जाला जोडला. सुनावणीत तिचे दुरुस्त झाले. तिच्या शेजारच्या घराचे झाले नाही, कारण त्या घरातली माणसे कामासाठी सुरतेला असतात. दिवाळीला आली तेव्हा हरकतीची मुदत कधीच संपली होती.

असे बरेच. नवरा गेल्यावर ओट्यावर शिलाई मशीन टाकून पोरे शिकवणारी बाई. तिचा सगळा तळमजला ‘वाणिज्य वापर’. वाणिज्य म्हटले की भाडेमूल्याचा दर वाढतो आणि त्यावर रोजगार हमी उपकरही बसतो, कारण तो फक्त बिगरनिवासी मालमत्तेवर असतो. दोन भाऊ वेगळे निघाले, एकाच घरात दोन चुली झाल्या. धाकटा ‘भाडेकरू’ म्हणून नोंदला गेला. एकाने मागच्या अंगणात म्हशीसाठी पत्रे टाकले होते, तेही घराच्या क्षेत्रफळात. यात लबाडी होती असे माझे म्हणणे नाही. रोजचे इतके घर उरकायचे असे ठरलेल्या पोराकडून आणखी कशाची अपेक्षा धरावी? पण ही कामे मंजूर करताना दहा घरांमागे एक घर तरी पालिकेच्या स्वतःच्या माणसाने जाऊन तपासावे, एवढी अट कंत्राटात घालता आली असती.

आता यादीची दुसरी बाजू. ती माझ्या टेबलावर येत नाही, कारण ज्याला बिलच येत नाही तो हरकत कशाला घेईल? ती मला जाता-येता दिसते. बायपासला लागून लग्नाचे लॉन झाले. स्टेज, स्वयंपाकघर, वधू-वरांच्या खोल्या, सगळे पक्के बांधकाम. यादीत अजून ‘खुला भूखंड’. गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा आहे, घरमालक कंपनीकडून भाडे घेतो. बिलात टॉवरचा पत्ता नाही. टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो हे सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच सांगितले आहे. दोन मजल्यांच्या इमारतीवर तिसरा आणि चौथा मजला चढला, तिथे शिकवणी वर्ग चालतात, खाली मोटारसायकलींना जागा पुरत नाही. कर दोनच मजल्यांचा. एन. ए. (बिगरशेती) करून पाडलेल्या प्लॉटांच्या वसाहती तर विचारू नका. प्लॉटवर घर होऊन राहायला येऊन वास्तुशांतीचे जेवण लोक विसरले, तरी घर यादीत आलेले नसते. पूर्णत्वाचा दाखला घेतला नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून बिल नाही. मात्र त्याच घरासमोर घंटागाडी रोज उभी राहते, दिवा लागतो आणि नळही असतो.

आणि मेलेली माणसे. आमच्या गावच्या थकबाकीच्या यादीत अशी नावे आहेत की ज्यांच्या तेराव्याला मी जेवलो आहे. वारसनोंद झाली नाही, चार भावांत वाद आहे, कोणीच भरत नाही. बिल आजोबांच्या नावे निघते, नोटीस आजोबांच्या नावे निघते, आणि मार्चमध्ये ‘बडे थकबाकीदार’ म्हणून फलकावर नावही आजोबांचेच. ही थकबाकी कागदावर दिसते तेवढी खरी नाही आणि ती वसूल होईल असे धरून केलेले अंदाजपत्रकही खरे नाही.

भुसावळसारख्या गावात आणखी एक गोष्ट आहे. रेल्वेची केवढी जागा, केवढ्या वसाहती! केंद्र सरकारच्या मालमत्तेवर पालिकेला कर लावता येत नाही, ते राज्यघटनेच्या २८५ व्या कलमातच आहे. पण सेवाशुल्क घेता येते. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे त्याचे प्रमाण ठरले. पालिकेच्या सगळ्या सेवा वापरत असतील तर कराच्या ७५ टक्के, त्यातल्या काही थोड्याच वापरत असतील तर ५० टक्के, आणि कोणतीच वापरत नसतील तरीही एक तृतीयांश. पोस्ट, रेल्वे, प्रत्येक तालुक्यात यांच्या काही ना काही इमारती असतात. हे शुल्क किती मागितले आणि किती आले हे पालिकेच्या सभेत एखाद्या नगरसेवकाने विचारल्याचे मी कधी ऐकले नाही. गटारीच्या ढाप्यावरून मात्र दोन-दोन तास चर्चा होते.

तुम्ही म्हणाल, पालिकेला घरपट्टीवाचून दुसरे उत्पन्न नव्हते काय? होते. माझ्या वयाच्या लोकांना गावाच्या वेशीवरचे जकात नाके आठवत असतील. कापसाच्या गाड्या, केळीचे ट्रक, किराणा, कापड, गावात येणाऱ्या मालावर पावती फाटायची आणि संध्याकाळी नाक्यावरची रोकड पालिकेत जमा व्हायची. त्या नाक्यांवर काय काय चालायचे हेही सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ते गेले याचे दुःख कोणाला झाले नाही. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली. बदल्यात राज्य सरकार सहायक अनुदान देऊ लागले. महापालिकांची जकात आणखी काही वर्षे चालली, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर पुरता संपला. आता कर गोळा होतो मुंबईत आणि दिल्लीत. पालिकेला मिळते ते अनुदान. त्यातून पगार भागतो. अनुदान लांबले की पगार लांबतो, आणि पगार लांबला की आतली खिडकी उघडी असूनही बंद असते, हे मी फाटकाबाहेरून सांगतो.

अनुदानाशिवाय खरेदी-विक्रीवर मुद्रांक शुल्कासोबत लागणारा १ टक्का अधिभार, बांधकाम परवानगीचे विकास शुल्क, वित्त आयोगाचा निधी असे येते. पण गावाने स्वतः वसूल करायचे, स्वतः ठरवायचे असे मोठे उत्पन्न एकच उरले, ते म्हणजे मालमत्ता कर. त्यातही बिलावरची सगळी रक्कम गावाची नाही. शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकर पालिका वसूल करते ते राज्य सरकारसाठी. लोक शिव्या देतात पालिकेला.

खर्चाचे म्हणाल तर सगळ्यात मोठी गोष्ट पाणी. आपल्याकडची गावे वाघूर, गिरणा, बोरी, अंजनी नाहीतर थेट तापीवर जगतात. पाणी नदीतून उचलायचे, शुद्धीकरणाला आणायचे, तुरटी टाकायची, ब्लिचिंग टाकायचे, पुन्हा पंपाने टाकीत चढवायचे. योजना बांधायला पैसा वरून येतो. मागे लहान-मध्यम शहरांसाठी यूआयडीएसएसएमटी नावाची केंद्राची योजना होती, तिच्यात ८० टक्के केंद्राचे, १० टक्के राज्याचे, १० टक्के पालिकेचे. नंतर अमृत आली. उद्घाटनाच्या कोनशिलेवर मंत्र्यांची नावे असतात. पण दुसऱ्या दिवसापासून पंप चालतो त्याचे वीजबिल कोणत्याच योजनेत नसते, ते गावाने भरायचे. आमच्याकडे अर्ध्या इंची नळाला वर्षाची ठोक पाणीपट्टी आहे. मीटर नाही. खालच्या गल्लीतला माणूस मोटार लावून दोन टाक्या भरतो आणि अंगण धुतो, वरच्या गल्लीतल्या बाईच्या नळाला करंगळीएवढी धार. पट्टी दोघांना सारखीच. चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात मीटरचे नाव काढले की दंगा होईल हे मला माहीत आहे, तरी लिहितो. पाणीपट्टीतून पंपाचे बिलसुद्धा निघत नसेल तर उरलेले घरपट्टीतूनच जाणार, आणि घरपट्टी भरणारे कमी असतील तर भरणाऱ्यांवर जास्त बसणार. माझ्यापुढे एकाने हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “पट्टी भरसूत, पन पानी ते येवाले जोयजे ना!” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पालिकेकडे असायला हवे.

आता ज्याबद्दल सगळे गप्प असतात ते पालिकेचे गाळे. आठवडे बाजारात भरताची वांगी घेऊन बसणाऱ्या बाईकडून ठेकेदाराचा माणूस प्रत्येक बाजारी पावती फाडतो. समजा २० रुपये. वर्षाच्या ५२ बाजारांचे १,०४० रुपये झाले. जागा म्हणाल तर एका पोत्याएवढी, डोक्यावर सावली नाही, पाऊस आला की पळायचे. ती पावती चुकवता येत नाही. तिच्या मागेच पालिकेचे व्यापारी संकुल आहे. तिथल्या गाळ्याचा करार कधीच्या काळी झाला, भाडे तेव्हाचेच, आणि मूळ गाळेधारकाने तो गाळा परस्पर दुसऱ्याला देऊन महिन्याचे कित्येक हजार घ्यायला सुरुवात केली त्यालाही आता बरीच वर्षे झाली. मधला फरक गावाचा होता. तो पालिकेला मिळाला असता तर त्या शिलाई मशीनवालीच्या ओट्याकडे बघण्याची वेळ आली नसती.

हे एकट्या आमच्या गावात नाही. जळगाव महापालिकेच्या संकुलांतल्या गाळ्यांचे करार २०१२ मध्ये संपले, आणि त्यानंतर थकीत भाडे, नवे दर, लिलाव, नूतनीकरण हा वाद किती वर्षे चालला हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको. तुमच्याच पानांवर तो छापून आला. गाळेधारकांचीही बाजू आहे, मान्य. एकदम रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी बाजारमूल्याप्रमाणे, भाडे लावले तर लहान दुकानदार उठेल. पण दर तीन वर्षांनी थोडे थोडे भाडे वाढले असते तर एकदम लावायची वेळ का आली असती? त्याच जळगावात हुडको या केंद्राच्या गृहकर्ज संस्थेच्या कर्जाने काय केले तेही लोकांनी पाहिले. घरकुल आणि इतर योजनांसाठी नगरपालिका असताना घेतलेले कर्ज पुढे महापालिकेच्या मानगुटीवर बसले, बँक खाती गोठवण्यापर्यंत वेळ आली. महापालिकेची सतरा मजली इमारत दुरून छान दिसते. पण कर्जाचे हप्ते फेडायचे तर रस्त्याला डांबर कुठून येणार? कर्ज घेणारे सभागृह वेगळे असते आणि फेडणारी पिढी वेगळी.

डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीच्या प्रचारात प्रत्येक पॅनेलच्या पत्रकावर घरपट्टीचा मुद्दा होता. त्यातली दोन पत्रके माझ्याकडेच टाइप झाली. एकात ‘मुंबईप्रमाणे ५०० चौरस फुटांपर्यंत घरपट्टी माफ’ असे होते. मुंबईत २०२२ पासून ती माफी आहे, खरे आहे. पण मुंबई महापालिकेच्या बँकांमध्ये हजारो कोटींच्या ठेवी आहेत. आमच्या पालिकेची ठेव म्हणजे ठेकेदारांच्या अनामत रकमा. गावातली बहुतेक घरे ५०० फुटांच्या आतली. ती माफ केली तर उरलेल्यांत लॉनवाले आणि टॉवरवाले, जे यादीतच नाहीत! माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना राज्याची करमाफी आहे, ती योग्य आहे आणि त्यांनी ती जरूर घ्यावी, पुष्कळांना माहीत नसते. सरसकट माफीचे मात्र नाव काढू नये, असे मी गरीब वस्तीत राहून म्हणतो.

दुसऱ्या पत्रकात ‘अभय योजना’ होती. थकबाकीवर महिन्याला २ टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के शास्ती (दंड) लागते. ३,००० च्या बिलावर वर्षाला ७२० रुपये. हा दर सावकारी आहे यात शंका नाही. गरीब माणूस एकदा मागे पडला की मूळ रकमेपर्यंत पोहोचतच नाही. नगरपालिकांना ही शास्ती माफ करता यावी म्हणून २०२५ मध्ये कायद्यात सोय झाली. मला त्याचे वाईट वाटले नाही, पण माझ्या टेबलाशी बसून पाहा. आमच्या गल्लीतला एक निवृत्त शिपाई दरवर्षी एप्रिलमध्ये पहिल्याच आठवड्यात पट्टी भरतो, पावती प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो. त्याला आजवर काय मिळाले? आणि ज्याचे दोन मजली दुकान आहे, तो वकिलाच्या सल्ल्याने अभय येईपर्यंत थांबतो. शास्ती माफ करायचीच तर राहत्या, लहान घरांची करा. व्यापारी मालमत्तेची कशाला? त्यापेक्षा वेळेत भरणाऱ्यांना घसघशीत सूट द्या.

कायद्याप्रमाणे चार वर्षांतून एकदा तरी नवी आकारणी यादी करायची असते. प्रत्यक्षात काय होते? निवडणूक जवळ असली की जुनीच यादी पुढे चालवतात. मग कधीतरी वरून पत्र येते. १५ व्या वित्त आयोगाने तर स्पष्ट अटच घातली होती की मालमत्ता कराचे किमान दर ठरवा आणि राज्याचे सकल उत्पादन ज्या गतीने वाढते त्या गतीने वसुली वाढवा, नाहीतर अनुदान नाही. हिशेब तपासून जाहीर करायची अटही होती. तिची आठवण कोणाला फारशी होत नाही. अशी अट आली की सगळे खडबडून जागे होतात, एजन्सी नेमली जाते, आणि इतक्या वर्षांची वाढ एकाच बिलात येते. मार्च आला की ढोल वाजवत वसुली पथक निघते, नळ तोडतात, गाळ्याला सील लावतात. ज्याचा नळ तुटतो तो बहुधा दीड-दोन हजारांचा थकबाकीदार असतो. पन्नास हजारवाल्याचे प्रकरण ‘न्यायप्रविष्ट’ असते.

मला विचाराल तर करवाढ थोडी-थोडी, दर चार वर्षांनी, न चुकता झाली पाहिजे. महागाई वाढते, डिझेल वाढते, झाडूवाल्याचा पगार वाढतो आणि तो वाढलाच पाहिजे. १,०८० चे १,२०० झाले तर गल्लीतली म्हातारी कुरकुर करून भरते. २,७०० झाले तर ती माझ्याकडे येते, मग वकिलाकडे जाते आणि शेवटी भरतच नाही. पण ही थोडी वाढसुद्धा करण्याआधी यादी पुरी झाली पाहिजे. प्रत्येक वॉर्डात शाळेच्या भिंतीवर त्या वॉर्डाची यादी मोठ्या अक्षरांत लावा, आणि तिच्यात मालमत्ता क्रमांक, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ, वापर, जुना कर आणि नवा कर, एवढे रकाने असू द्या. महिनाभर ती तिथे राहू द्या. सर्वेक्षणाला जे दिसले नाही ते गल्लीला दिसते. कोणाचा तिसरा मजला यादीत नाही हे शेजारणीइतके बिनचूक कोणती एजन्सी सांगणार? सोबत वारसनोंदीचे शिबिर लावा. माझे चार पैसे बुडतील, हरकत नाही.

नव्या सभागृहाची पहिली अंदाजपत्रकाची सभा आता होईल. नगरसेवक नवीन आहेत, पुष्कळ जण तरुण आहेत, उत्साही आहेत. खर्चाच्या बाजूवर ते बोलतीलच. प्रत्येकाला आपल्या वॉर्डात पेव्हर ब्लॉक हवे असतात. माझी त्यांना विनंती जमेच्या बाजूसाठी आहे. ‘व्यापारी गाळे भाडे’ हे शीर्ष आले की थांबा. गाळे किती, कोणाच्या नावे, करार कधी संपला, भाडे किती, येणे किती, हे लेखापालांना सभेत वाचून दाखवायला सांगा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. नंतर ‘केंद्र शासन सेवाशुल्क’ असे शीर्ष आहे की नाही ते बघा. नसेल तर का नाही ते विचारा. हे दोन आकडे तुमच्या अंकात छापून आले, तर घरपट्टीवरच्या चर्चेला मी आनंदाने सभेत येऊन बसेन. प्रेक्षक गॅलरीत जागा नेहमी रिकामीच असते.

माझे नाव कृपया छापू नये. उद्या सकाळी टेबल तिथेच लावायचे आहे.

आपला,
एक अर्जनवीस,
जि. जळगाव